पडताळणी : कुसाका मित्सुए

कामिदानी
३ ऑक्टोबर १९५४

शुन्सादादा,

पत्राच्या सुरुवातीला ऋतूबद्दल एक ओळ लिहायची असते. ती आज लिहीत नाही. कामाचं आधी लिहिते. देवळात लावायच्या फळीवरून माझं नाव काढ.

काल मोचिदा सुतार मजकुराचा कागद घेऊन आले. अक्षर तुझं. तू लिहिलेलं तुलाच परत उतरवून देते, म्हणजे मी काहीतरी चुकीचं वाचलं असं तुला म्हणता येणार नाही.

'देवाला अर्पण. १०,६४,८५,१२१ ही संख्या एक आणि ती स्वतः, या दोहोंखेरीज कशानेही फुटत नाही. शोधणारे : कुसाका जिनपेई, वय अठ्ठ्याऐंशी. पडताळणी : नात, कुसाका मित्सुए. फळी अर्पण करणारा : नातू, कुसाका शुन्साकु, ओसाका.'

मी ही पडताळणी केलेली नाही. मला कोणी विचारलंही नाही. तेवढ्यावर मी चरफडून गप्प बसले असते, कारण आजोबांचं अठ्ठ्याऐंशीवं वर्ष आहे, सगळं गाव येणार आहे आणि फळीचा खर्च तू करतो आहेस. पण गोष्ट तेवढीच नाही. ती संख्या फुटते.

कसं कळलं ते सांगते. समारंभाच्या दिवशी आपल्या वर्गातल्या मुलांनी मण्यांच्या सोरोबानवर जी गणितं करून दाखवायची, ती मी आजोबांच्या संख्येवरूनच बसवत होते. तिची दुप्पट, तिची निमपट, दुपटीचं वर्गमूळ, असं. दुप्पट होते २१,२९,७०,२४२. वर्गमूळ काढलं, १४,५९३ आलं. बाकी उरली तीही १४,५९३.

मला वाटलं माझं बोट घसरलं. मणी झटकून पुन्हा काढलं. मग कागदावर काढलं. मग दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी काढलं, कारण आदल्या दिवशीच्या माझ्या डोक्यावर माझा विश्वास नव्हता. तेच.

मूळ आणि बाकी एकच आली याचा अर्थ तुला समजावून सांगायला नको, पण सांगते. दुप्पट संख्या म्हणजे १४,५९३ गुणिले १४,५९४. म्हणजे आजोबांची संख्या ही एकापासून १४,५९३ पर्यंतच्या सगळ्या संख्यांची बेरीज आहे. भाताच्या पोत्यांची रास आहे, दादा. तळाला १४,५९३ पोती, वरच्या थरात एक कमी, त्यावर आणखी एक कमी, शेंड्याला एकच. पहिल्या इयत्तेच्या मुलांना आपण देवदाराच्या झाडासारखी रास काढून जे शिकवतो ते. शेजारी तशीच दुसरी रास उलटी ठेवायची, चौकोन होतो, त्याचा अर्धा घ्यायचा. १४,५९४ चा अर्धा ७,२९७.

१४,५९३ गुणिले ७,२९७. करून बघ.

मोचिदा सुतार माझं ऐकत नाहीत. म्हणाले, "बाई, लाकूड ज्याचं मजकूर त्याचा. शुन्साकुसान लिहितील तसं मी रंगवणार." तेव्हा तू त्यांना थांबवायचं पत्र लगेच टाक. समारंभ तेवीस नोव्हेंबरला आहे. अजून वेळ आहे.

आजोबा बरे आहेत. त्यांना अजून काही माहीत नाही.

मित्सुए

*

१४ ऑक्टोबर

दादा,

तुझं पत्र मिळालं. तू लिहितोस, 'मित्सु, तू लहानपणापासून अशीच. ताटातली शितंसुद्धा तपासून खायचीस.' वहिनीला माझं पत्र वाचून दाखवलंस, ती खूप हसली, हेही लिहितोस. मी वहिनीला एकदाच भेटले आहे आणि ती मला आवडली होती. तिला हसायला माझं पत्र द्यायचं काही कारण नव्हतं.

पुढे लिहितोस, 'वर मान करून बघणार कोण? देवळातल्या पारव्यांना भागाकार येत नाही.'

आणि मग, 'तुझं नाव काढलं तर पडताळणीची जागा रिकामी राहील. रिकामी जागा वाईट दिसते.'

खरं आहे. रिकामी जागा वाईट दिसते. तू ओसाकाला गेलास तेव्हापासून जेवायच्या मेजाची एक बाजू रिकामी आहे, आणि मी आजोबांच्या समोर बसून ती रोज बघते. तेव्हा तुला दिसण्याची काळजी नव्हती. आकडेमोडीची यंत्रं विकायला जातो म्हणालास, आणि आजोबा म्हणाले, "जा, पण या घरातून सोरोबान घेऊन जाऊ नकोस, तिला तिथे लाज वाटेल." तू खरंच ठेवून गेलास. मला वाटलं होतं निदान तेवढ्यावरून तरी भांडशील.

मी भरकटले. मुद्द्यावर येते.

तू म्हणतोस आजोबांचा नियम चुकू शकत नाही, कारण तो त्यांना त्यांच्या गुरुजींनी दिला. नियम काय आहे ते मला पाठ आहे. दोनाला दोनाने गुणत जायचं, संख्येपेक्षा एक कमी इतके दोन होईपर्यंत. वाटेत गुणाकार संख्येच्या वर गेला की संख्या वजा करत राहायचं. शेवटी एक उरला तर संख्या फुटत नाही. आजोबांनी आधी तीन हजारांच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं होतं. तिथे त्यांचे डोळे थकले. मग त्यांनी हा नियम लावला, आणि एक उरला. मीही लावून पाहिला, माझ्याकडेही एकच उरला. आजोबांचा हिशोब कुठेही चुकलेला नाही. नियमच पुरता नाही.

मोठ्या संख्येवर तुझा विश्वास बसत नसेल तर लहान घे. ३४१. दोनाचा दहावा घात १,०२४. त्यातून ३४१ तीनदा काढले की एक उरतो. दहा वेळा गुणून एक उरला म्हणजे वीस वेळा गुणूनही एक, तीनशे चाळीस वेळा गुणूनही एकच. नियमाप्रमाणे ३४१ फुटत नाही. आणि ३४१ म्हणजे अकरा गुणिले एकतीस. न फुटणारी प्रत्येक संख्या या परीक्षेत पास होते, पण पास होणारी प्रत्येक न फुटणारी नसते. काही लबाड संख्याही पास होतात. आजोबांची त्यातली आहे.

तुला वाटतं मी नावासाठी भांडते आहे. बरोबर, नावासाठीच. आपल्या वर्गात पहिल्या दिवशी काय सांगतात ते तू विसरलास का? गणित करणाऱ्याची चूक माफ असते, पडताळणाऱ्याची नसते. चाळीस मुलांच्या गणितांखाली मी रोज सही करते. नाइतो गवंड्याची मुलगी तर सही झाली की दुसऱ्यांदा तपासत नाही. म्हणते, "ताईंनी बघितलंय ना, मग झालं." त्याच ताईचं नाव देवळात, सगळ्यांच्या डोक्यावर, खोट्याखाली. त्या मुलीला पुढच्या वर्षी आठ अंकी गुणाकार येईल. तू पारव्यांचा विचार केलास, तिचा नाही केलास.

एक गोष्ट मी मान्य करते. फळीची बातमी आल्यापासून आजोबा तुझं नाव घेतात. परवा पुजारी सोनोदांना म्हणाले, "आमचा शुन्साकु जाड लाकूडच निवडणार, त्याला बारीक काही दिसतच नाही." ही त्यांची स्तुती आहे, तुला माहीत आहे. ते मला दिसतं. मी दगड नाही. म्हणून मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.

म्हणून तूच ये आणि तूच सांग. तुझ्या तोंडून ते ऐकून घेतील. नाहीतर तुझ्या कचेरीत ते यंत्र आहे ना, ज्याच्यासाठी घर सोडलंस. त्याला विचार, १०,६४,८५,१२१ भागिले ७,२९७, बाकी किती. आणि उत्तर मला लिहून पाठव. मग बोलू.

मित्सुए

*

२६ ऑक्टोबर

कुसाका शुन्साकु यांस,

यंत्राचं उत्तर मिळालं. बाकी शून्य. आभारी आहे.

पण तू लिहितोस की हे उत्तर तुझ्याकडे ऑगस्टपासूनच आहे. उन्हाळ्यात गिऱ्हाइकं नव्हती, दुपार जाता जात नव्हती, म्हणून आजोबा जिथे थांबले तिथून पुढे तू यंत्राने एकेक मूळ संख्या घेऊन भागत गेलास, आणि ७,२९७ ला आलास. 'मलाही वाईट वाटलं,' लिहितोस. 'पण तोवर फळीचं आजोबांना कळवलं होतं.'

मी हे पत्र तीनदा सुरू केलं. पहिल्या दोन कागदांवर जे शब्द होते ते घरात कोणी बोलत नाही.

तर ऑगस्टमध्ये तुला कळलं. सप्टेंबरमध्ये तू बसून, शांतपणे, चांगल्या अक्षरात 'कशानेही फुटत नाही' असं लिहिलंस. आणि खाली पडताळणी म्हणून माझं नाव घातलंस. तुझं नाही. तुझं 'अर्पण करणारा'. उद्या कोणी ७,२९७ घेऊन उभा राहिला तर लाकूड देणाऱ्याला कोण विचारतो? विचारणार पडताळणारीला. तू माझं नाव छत्रीसारखं उघडून वर धरलंस.

मला वाटायचं, तू आळशी आहेस. वाटायचं, तुला आकड्यांची किळस आली असेल, रोज जेवणाच्या आधी अन् नंतर सोरोबान, कोणालाही येईल. मी तुझ्या बाजूने बरीच कारणं शोधून ठेवली होती. ती सगळी आज फुकट गेली.

तू लिहितोस, 'आजोबांना सुखाने जाऊ दे. एवढं माझ्यासाठी कर.' तुझ्यासाठी? तुला क्षमा हवी होती, ती तुला एका फळीवर मिळत होती, आणि ती फळी खरी की खोटी याचं तुला काही नव्हतं. आजोबांचं सुख यात कुठे आहे? ते तर कोणी त्यांना विचारलंच नाही.

मोचिदा सुतारांनी पहिल्या ओळीला रंग दिला. काल जाऊन बघून आले. काळी अक्षरं फार सुंदर आली आहेत.

आता तू आलास काय नि न आलास काय. मी वाट बघणार नाही.

मित्सुए

*

३ नोव्हेंबर

दादा,

आजोबांना सांगितलं. तुला कळवणं भाग आहे म्हणून कळवते. जसं घडलं तसं लिहिते. कमीजास्त करत नाही, आणि तुझ्या सोयीचं काही गाळतही नाही.

ते मागच्या ओसरीवर उन्हात बसून सुकवायची पर्सिमनं सोलत होते. मी जवळ जाऊन बसले. किती वेळ बसले कोण जाणे, शेवटी तेच म्हणाले, "काय हवंय? सुरी हवी असेल तर मिळणार नाही. तू जाड सोलतेस."

मी म्हटलं, "आजोबा, तुमच्या संख्येची दुप्पट करा आणि वर्गमूळ काढा."

"आता या वयात परीक्षा?"

"काढा ना."

"बाकीसकट?"

"बाकीसकट."

सुरी खाली ठेवली नाही. डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर हलायला लागली, समोर सोरोबान असल्यासारखी. तुला माहीत आहे ना, ते मनात गणित करताना ओठ आत ओढून घेतात. मी अंगणाकडे बघत होते. मग बोटं थांबली. पुन्हा पहिल्यापासून हलली. पुन्हा थांबली.

"तुझी बाकी किती?"

"तुम्ही सांगा."

"तू आधी काढलीयस. तूच सांग."

"चौदा हजार पाचशे त्र्याण्णव."

"आणि मूळ?"

"तेच."

त्यांनी हातातलं फळ पुरतं सोललं, दोरीला बांधलं. मग म्हणाले, "रास आहे." आणि थोड्या वेळाने, "म्हातारा लबाड होता."

मला आधी कळलं नाही कोणाबद्दल. त्यांच्या गुरुजींबद्दल. गुरुजी जाताना प्रत्येक शिष्याला एकेक प्रश्न देऊन गेले होते, आजोबांच्या वाट्याला ही संख्या आली होती, 'फुटते का सांग' म्हणून. आजोबा म्हणाले, "त्याने पोती रचून दिली होती. तो नियम पण त्यानेच दिला होता, आणि हसत दिला होता. मला वाटायचं माझ्यावर खूश आहे म्हणून हसतोय. मी आपला दोनाचे वर्ग करत बसलो. एकदा मागे होऊन बघायचं, रास आहे का? पोरांना रोज शिकवतो." त्यांना हसू आलं. खरंच आलं. मला वाटलं, झालं, एवढंच होतं, मी उगाच महिनाभर झोप घालवली.

मग त्यांनी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"महिना झाला."

हसू गेलं.

"महिनाभर माझ्यासमोर बसून जेवतेस?"

"तुमचा समारंभ…"

"माझा समारंभ. मी तुला काय शिकवलं? मुलाची चूक दिसली की त्याच वेळी सांगायची, दुसऱ्या दिवसावर ठेवायची नाही. का? ठेवली की ती त्याची राहत नाही, आपली होते. मुलाला सांगतेस आणि मला नाही? मी मुलापेक्षा लहान झालो का?"

त्यांचं बरोबर होतं. पण मला त्याच क्षणी तुझा इतका राग आला की कानांत आवाज यायला लागला, कारण मी त्यांना महिनाभर फसवलं ते तुझ्या उत्तराची वाट बघत, आणि तू त्या वेळी उत्तर उशाला घेऊन झोपत होतास.

मग तो प्रश्न आलाच. "शुन्साकुला माहीत आहे?"

मी म्हटलं, "ते त्याला विचारा."

"म्हणजे आहे."

"ते त्याला विचारा, आजोबा."

त्यांनी सुरी पुसली. म्हणाले, "चूक माझी आहे. चूक रंधा मारून काढता येते, मोचिदा अर्ध्या दिवसात काढील. पण मला सांभाळून घेतलं असेल कोणी, तर ते कशाने काढायचं?"

रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मागे मी 'आजोबा बरे आहेत' लिहिलं होतं, ते तेव्हा खरं होतं. आज तसं लिहिता येत नाही. काल थोडी पेज घेतली. आज सकाळी काठी घेऊन स्वतः मोचिदांकडे गेले. मी मागून गेले. मोचिदा म्हणायला लागले, "पण मजकूर तर ओसाकाहून…" आजोबा म्हणाले, "संख्या ओसाकाची आहे का?" मोचिदांनी रंधा घेतला.

नवा मजकूर त्यांनी तिथेच सांगितला. मोचिदांनी शिसपेन्सिलीने उतरवून घेतला. मग माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "पडताळणीला तुझं नाव घालू का? नको असेल तर नको म्हण."

मी तो गुणाकार दोन्ही बाजूंनी केला आहे. भागाकारही केला आहे. मी हो म्हटलं.

एवढंच करायचं होतं तुला, दादा. विचारायचं होतं.

मित्सुए

*

२५ नोव्हेंबर

दादा,

परवा स्टेशनवर गाडी सुटताना तू खिडकीतून विचारलंस, "झालं समाधान?" उत्तर द्यायला वेळ मिळाला नाही. इथे देते. नाही झालं.

तू आलास ते बरं केलंस. वहिनीने स्वयंपाकघरात येऊन न सांगता बाह्या सरसावल्या, तेही बरं केलं. सकाळी देवळात तुम्ही दोघं पुढच्या ओळीत बसलात आणि आजोबांनी तुझ्याकडे बघून मान हलवली, तेव्हा मला वाटलं होतं की आता काही वाईट होणार नाही.

फळी वर चढल्यावर आजोबांनी मजकूर स्वतः वाचला. तू तेव्हा खाली बघत होतास, म्हणून लिहून देते. 'ही संख्या फुटत नाही असं मी, कुसाका जिनपेई, चाळीस वर्षं शिकवलं. ती फुटते. कशी, ते बघणाऱ्याने शोधावं. पडताळणी : कुसाका मित्सुए.' अर्पण करणाऱ्याचं नाव त्यांनी काढलं नव्हतं. ते सगळ्यांत शेवटी, होतं तिथेच होतं.

मग मागून तोफूवाले मिशिमा म्हणाले, "जिनपेईसान, माझे तुमच्या वर्गातले मार्क पण आता पुन्हा तपासणार का?" आणि सगळे हसले. आजोबा म्हणाले, "तुझे तपासले तर कमी होतील, गप्प बस." त्या वेळी मी सुखी होते. हे मी मान्य करते.

मग जेवणाच्या वेळी त्या वर्तमानपत्रवाल्याने तुला गाठलं. तूच बोलावलेला. मी लाल भाताची पाटी घेऊन मागेच उभी होते. आजोबा पलीकडे, हातभर अंतरावर. त्याने विचारलं, "तुम्ही तर आकडेमोडीच्या यंत्रांच्या धंद्यात. आजोबांची संख्या फुटते हे तुम्हाला कधी कळलं?"

आणि तू म्हणालास, "आज. तुमच्यासारखंच. थक्क झालो."

थक्क झालो, म्हणालास.

तुला कोणी कोपऱ्यात दाबलं नव्हतं. 'आधी कळलं होतं' इतकं म्हणून पुढचा घास घेता आला असता. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस सगळ्या गावापुढे 'माझं चुकलं' म्हणून खाली बसला होता, त्याला पुरता तासही झाला नव्हता. त्यानंतर तुला एवढंही जमू नये? मी इतके दिवस समजत होते की तू आजोबांना दुखवायला घाबरतोस. तू त्यांना घाबरत नाहीस. तुला फक्त कुठेही लहान दिसायचं नाही. म्हणून लाकूड जाड, म्हणून अक्षर सुंदर, म्हणून माझं नाव.

मी तिथे काही बोलले नाही. भात वाढला. वर्तमानपत्रवाल्यालाही वाढला. त्याच्या बातमीत ते छापून येईल आणि त्याच्याखाली माझी सही नसेल, एवढाच काय तो दिलासा.

काल दुपारी आजोबांनी मला हाक मारली. समारंभाची भांडी परत द्यायची होती, ती मी पुसत होते. म्हणाले, "त्याला कालच कळलं का?"

या वेळी 'त्याला विचारा' म्हणता आलं असतं. पण त्याला विचारून झालं होतं, सगळ्यांसमोर, आणि उत्तरही मिळालं होतं. त्या उत्तरानंतर मी गप्प बसले असते तर त्याखाली माझं नाव आलंच असतं, रंग न लावता.

मी म्हटलं, "नाही. ऑगस्टमध्ये कळलं."

"यंत्राने?"

"हो. तुम्ही थांबलात तिथून पुढे भागत गेला."

"एकेक करून?"

"एकेक करून."

"म्हणजे चिकाटी आहे," म्हणाले. मला त्यावर रडू आलं. मी भांडी पुसत राहिले.

मग म्हणाले, "त्याला लिही. मी विचारलं हे लिही, आणि तू काय सांगितलंस तेही लिही. त्याच्या माघारी मला कळलं असं राहायला नको. पुन्हा आला तर तिघांनाही तेच माहीत असेल. त्याला अंधारात ठेवून मी त्याच्याशी बोलणार नाही. मला ठेवलं होतं तसं."

मी विचारलं, "यायचं का त्याने?"

"ते मी कशाला सांगू? त्याचं घर आहे."

तर हे लिहिलं. त्यांनी सांगितलं होतं तेवढं वर संपलं. आता आपण तिघंही सारखंच जाणतो. यायचं असेल तर ये, पण यापुढे तुझ्यासाठी इथे कोणी काही झाकून ठेवणार नाही, मी तर नाहीच.

हे शेवटचं माझं आहे, आजोबांनी सांगितलेलं नाही. माझा राग गेलेला नाही. मी तो तपासून पाहिला आहे.

मित्सुए